टायरचं वय नक्षीवरून कळत नाही

जुनी गाडी विकायला काढलेला माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘गाडी फारशी चाललेलीच नाही.’ घेणाराही ते ऐकून खूश होतो. इंजिनापुरतं ते खूश होणं ठीक आहे. टायरच्या बाबतीत मात्र हे वाक्य कानावर आलं, की मी खाली वाकून टायरवरची तारीख शोधतो. जो टायर भरपूर चालतो तो झिजतो, आणि झिजलेला टायर कुणालाही ओळखू येतो. जो चालत नाही तो जागच्या जागी म्हातारा होतो, आणि ते म्हातारपण नक्षीत उमटत नाही.

माझ्या थोरल्या भावाची गाडी अशीच कमी चाललेली. २०१४च्या दिवाळीत घेतलेली, अमरावतीत घरापुढच्या पत्र्याच्या शेडखाली उभी. बँक, बाजार, दवाखाना, कधीमधी माहूर. आठ-साडेआठ वर्षांत तीस हजार किलोमीटरही झाले नव्हते. २०२३च्या मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला भाचीचं लग्न निघालं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झालेला, त्यामुळे जायचं ते त्याच रस्त्याने असं ठरलं. दादाने निघण्याआधी गाडीचं सर्व्हिसिंग केलं, शिवाय एका टायरच्या दुकानात मुद्दाम टायर दाखवून घेतले. दुकानदाराने नक्षीवरून हात फिरवला, ‘बटण भरपूर आहे साहेब, अजून पंधरा हजार आरामात निघतात’ म्हणाला, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे पैसे घेतले आणि वरून पॉलिश मारून दिलं. टायर असे काळेभोर चमकत होते, की शोरूममधून आणल्यासारखे.

कारंज्याजवळ समृद्धीला लागलो. गाडीत पाच माणसं, डिकी आहेराच्या बॅगांनी भरलेली, बाहेर वैशाखाचं ऊन. गाडी मी चालवत होतो, वेग शंभरच्या आसपास. त्या रस्त्यावर गाड्यांना १२०ची मुभा आहे, म्हणजे आम्ही काही उडत नव्हतो. मेहकर मागे पडल्यावर मागून घरघर ऐकू येऊ लागली. काँक्रीटच्या रस्त्यावर टायर तसेही गुणगुणतात. पण थोड्याच वेळात वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, माझ्या सीटखाली काहीतरी धडधडतंय.’ स्टीअरिंग स्थिर होतं, थरथर फक्त मागे होती. वेग उतरवत गाडी डाव्या कडेला घेत होतो, तेवढ्यात डाव्या मागच्या टायरची वरची पट्टी सुटली आणि चाकाच्या कमानीवर फटाफट आपटू लागली. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर फाटलं, मडगार्डचा पत्रा वाकला, मग हवा गेली. तोवर वेग साठच्या खाली आला होता, म्हणून गाडी सरळ राहिली. कुणाला खरचटलंही नाही.

पट्टी हातात घेऊन पाहिली तर नक्षी जवळजवळ शाबूत! दुकानदार खोटं बोलला नव्हता; बटण खरोखर भरपूर होतं. फक्त ज्या पायावर ते उभं होतं तो पाया सुटला होता. आतल्या पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या आणि दोन थरांमधलं रबर नखाने टोकरलं तरी भुकटीसारखं निघत होतं. मग डिकी रिकामी करून स्टेपनी काढली. ती जमिनीला कधी लागलेलीच नव्हती, तरी तिच्या बाजूवर बारीक भेगांचं जाळं पसरलेलं. तिचीही तारीख २०१४ची. त्या स्टेपनीवर हळूहळू पुढच्या इंटरचेंजपर्यंत आलो, समृद्धी सोडली आणि जुन्या रस्त्याने जालन्याला जाऊन टायर बदलले.

ही तारीख वाचणं अवघड नाही. टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरं असतात आणि त्यांच्यापुढे अक्षर-आकड्यांची एक माळ. तिच्या शेवटी, बहुतेक वेळा लंबगोलाकार चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दादाच्या टायरवर ३२१४ होतं, म्हणजे २०१४चा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. ही पद्धत २०००पासूनची आहे. त्याआधीच्या टायरवर तीनच आकडे असत. एक खोच लक्षात ठेवा. पूर्ण माळ टायरच्या एकाच बाजूला असू शकते, आणि ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे गेलेली असली तर बाहेरून तारीख दिसतच नाही. तेव्हा पुढचं चाक पूर्ण वळवून आत बॅटरी मारावी. मागच्या चाकासाठी मोबाइल आत सरकवून फोटो काढावा. पाचही टायर पाहायचे. एक-दोन टायर मधेच बदललेले असतात, आणि मालकालाही कोणता कधीचा हे आठवत नाही.

उभ्या गाडीचा टायर कशाने खराब होतो? रबराला गंधकाची प्रक्रिया देऊन चिवट बनवलेलं असतं, त्यात कार्बनची काजळी असते, आणि पट्ट्याच्या आत पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचे थर असतात. हे सगळं एकमेकांना धरून ठेवतं ते रबरच. हवेतला प्राणवायू त्या रबराशी सावकाश संयोग पावत राहतो आणि रबर ताठर, ठिसूळ होत जातं. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं रबरबँड ताणताच तुटतं, तसंच हे. टायरच्या बाबतीत प्राणवायूचा हल्ला बाहेरूनच होतो असं नाही. आत दाबाने भरलेली हवा असते; ती आतल्या अस्तरातून फार हळू का होईना, झिरपत थरांपर्यंत पोचते. म्हणून पोलादी थरांच्या कडा, म्हणजे आपल्याला कधीच न दिसणारी जागा, आधी कमकुवत होते. बाहेरून टायर गुटगुटीत दिसत असताना आत थर सुटायला लागलेले असू शकतात.

टायर बनवणारे रबरात मेण आणि ओझोनरोधक द्रव्यं घालतात. टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात आणि एक संरक्षक पापुद्रा धरतात. जुन्या टायरच्या बाजूवर तपकिरी झाक दिसते ती बऱ्याचदा याचीच, तिला घाबरायचं कारण नाही. पण गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली की हे येणं मंदावतं आणि बाजूंना भेगा पडू लागतात. म्हणून रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा शेडमध्ये जपलेल्या गाडीच्या टायरला भेगा लवकर दिसतात. जपणं आणि वापर न करणं यांत फरक आहे, तो टायर आपल्याला शिकवतो. विजेच्या मोटारीजवळ किंवा वेल्डिंगच्या जागी सुटे टायर ठेवू नयेत, तिथे ओझोन तयार होतो.

त्यावर उष्णता. बहुतेक रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट वेगाने होतात. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त. स्टेपनीच्या भेगांचं कोडं मला तिथे सुटलं. चालताना टायर सतत दबतो-फुगतो आणि स्वतःची उष्णता तयार करतो. जुन्या रस्त्यावर दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव, गतिरोधक, बैलगाडी, म्हशींचा कळप येतो आणि टायरला विसावा मिळतो. समृद्धीवर तो मिळत नाही. तासन्‌तास एकाच वेगाने, भरल्या गाडीचं ओझं घेऊन धावताना आतल्या थरांची खरी परीक्षा होते. गावात वर्षभर मुकाट चाललेला टायर तिथे दोन तासांत बोलतो.

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७च्या एका अहवालात एका विमा कंपनीकडच्या नोंदी दिल्या आहेत. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना या पाच उष्ण राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के विमाधारक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्यांतले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरचे होते. ऊन आणि वय एकत्र आलं की काय होतं, ते एवढ्यात कळतं.

ब्रिटनमधली गोष्ट तर चटका लावणारी आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी आइल ऑफ वाइटवरच्या एका संगीत महोत्सवाहून तरुणांना लिव्हरपूलकडे घेऊन जाणारी बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. तिघांचा जीव गेला. त्यांत अठरा वर्षांचा मायकल मॉलॉय होता. तो टायर एकोणीस वर्षांचा निघाला. नक्षी शिल्लक असल्यामुळे तेव्हाच्या कायद्याने तो चालणारा होता! मायकलची आई फ्रान्सिस मॉलॉय यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१पासून तिथे बस व ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावण्यावर बंदी आली. खासगी मोटारींना ही बंदी तिथेही लागू नाही. ती काळजी मालकावर सोडलेली आहे.

आपल्याकडे मोटार वाहन नियम बोट ठेवतो ते नक्षीच्या खोलीवर: मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर. टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या रेषेत खांद्यावर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा बाण असतो. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. मी तेवढंही थांबत नाही. पावसाळ्यात खाचांनी पाणी बाहेर टाकायचं असतं, आणि तीन मिलिमीटरच्या खाली ते काम नीट होत नाही. कसारा किंवा आंबेनळी घाटात जुलैमध्ये ज्याने ब्रेक मारला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. खोली मोजायचं साधं मापक अगदी स्वस्तात मिळतं.

पण खोली ही अर्धीच तपासणी. बाजूवरच्या भेगा पाहताना एक फरक करावा. केसाएवढ्या, फक्त पृष्ठभागावरच्या रेषा लक्ष ठेवण्यापुरत्या. नख अडकावं इतकी खोल भेग, किंवा खाचांच्या तळाशी पडलेली भेग, म्हणजे तो टायर काढा. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. अशा चाकावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाऊ नये, स्टेपनी लावावी. एकाच टायरची हवा वारंवार कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर उतरवून आतून पाहायला सांगा. आणि चालत्या गाडीत नवी घरघर किंवा वेगाबरोबर बदलणारी धडधड सुरू झाली, तर बॅलन्सिंगचा दोष म्हणून सोडून देऊ नका. आधी वेग कमी करा. पट्टी सुटण्याआधी टायर असाच कुरकुरतो. वहिनींच्या सीटखालची धडधड ती होती, आणि त्या बोलल्या म्हणून आम्ही वेळेत कडेला आलो. भेगा पाहण्याआधी पॉलिश धुऊन टाका. पॉलिशच्या थराखाली काहीही लपतं.

भेगा नाहीत म्हणजे टायर चांगला, असं मात्र उलट वाचू नका. दादाच्या त्या मागच्या टायरच्या बाजूला स्टेपनीपेक्षा कमी भेगा होत्या. आतलं कुणाला दिसत नाही, म्हणून तर वयाची मर्यादा पाळायची.

ही मर्यादा किती? काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, नक्षी कितीही असो. मिशलिनसारखी टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनी स्टेपनीसकट बदला म्हणते. म्हणजे सहा ते दहा यांच्या मधे कुठेतरी. माझा निवाडा असा: विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या उन्हात आणि द्रुतगती महामार्गावर जाणाऱ्या गाडीला सहा. महाबळेश्वरसारख्या थंड गावात, सावलीत राहणाऱ्या आणि बाजारहाटापुरत्या चालणाऱ्या गाडीला तपासणी करून आणखी एक-दोन वर्षं. दहाच्या पुढे कुणालाही नाही. पाच टायरचा खर्च मोठा असतो, हे मला कळतं. निवृत्त माणसाला वीस-पंचवीस हजार एकदम काढणं जड जातं. मग टायर बदलेपर्यंत गावातच चाळीसच्या वेगाने गाडी चालवा आणि लग्नाला एसटीने जा. हा सल्ला मी गमतीने देत नाही.

हवेबद्दल थोडकं. दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा दाब खरा. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. हवा टायर गार असताना तपासावी, आणि स्टेपनीचीही. कमी हवा म्हणजे जास्त दबणं, जास्त दबणं म्हणजे जास्त उष्णता. प्रवासात तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढू नका. गार झाल्यावर ती कमी पडते.

नवे टायर घेताना दुकानदाराला आधी तारीख दाखवायला सांगा, मग किंमत बोला. इथे उलट टोकही गाठू नये. गोदामात सावलीत, थंड जागी ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर नवाच असतो. ‘मागच्याच आठवड्याचा द्या’ म्हणून अडून बसणारे मी पाहिले आहेत. पण दोन वर्षांपूर्वीचा टायर पूर्ण किमतीत मी घेणार नाही. दोनच नवे घेणं परवडत असेल तर ते मागे लावा. बहुतेक फिटर पुढे लावतात, कारण पुढची चाकं जास्त झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना सावरता येतं.

जुन्या बाजारातले टायर घेऊच नयेत. गुळगुळीत टायरमध्ये तापलेल्या ब्लेडने नवी नक्षी कोरून विकतात. अशा टायरला खोली दिसते, पण खाचेखाली रबर उरलेलं नसतं. म्हणून स्वतःचा बाद टायर देतानाही त्याची बाजू कापून द्यावी, नाहीतर तो कुणाच्या तरी गाडीला परत लागतो. अपवाद उसाच्या टायरगाडीचा. बैलांच्या चालीला तो टायर अजून दहा वर्षं पुरेल.

विम्याच्या भरवशावर राहू नका. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत मिळते. कायद्याचंही ऐकून ठेवा. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर २५ ऑक्टोबर २०१०ला फुटला, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि आत बसलेला एक तरुण गेला. न्यायाधिकरणाने २०१६मध्ये कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी हे दैवी संकट होतं म्हणत मुंबई उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२३मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं. टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे, मानवी निष्काळजीपणा आहे. प्रवासाला निघण्याआधी टायरची अवस्था पाहणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी सरळ ठेवून वेग आपोआप पडू द्या, मग कडेला घ्या. समृद्धीवर उतरल्यावर माणसांना कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत किंवा गाडीमागे नव्हे.

शेवटी एक विनंती, पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात राहणाऱ्यांना. गावाकडे आईवडिलांची गाडी दारात उभी असते. तुम्ही दिवाळीत येता, सगळ्यांना गाडीत घालून तुळजापूर, शेगाव, गणपतीपुळे करता आणि परत जाता. वर्षभर न हललेली गाडी त्या चार दिवसांत सर्वांत जास्त माणसं आणि सर्वांत जास्त वेग सोसते. या वेळी येण्याआधी वडिलांना पाचही टायरवरच्या तारखांचे फोटो पाठवायला सांगा. सहा वर्षांपूर्वीच्या तारखा दिसल्या तर आधी टायर बदला, मग देवदर्शनाचा बेत करा.